पाहुण्याला वाट सांगताना

परिषद किंवा प्रदर्शन भरवणारी मंडळी वक्त्यांची यादी, जेवणाचा बेत, मंच आणि मुक्काम यांवर महिनोन्महिने खपतात. सभागृहापर्यंत यायचे कसे, ही गोष्ट मात्र निमंत्रणाच्या तळाशी पत्त्याची एक ओळ आणि नकाशाची लिंक देऊन उरकली जाते. पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या पट्ट्यात ही सवय महाग पडते, कारण इथे बाहेरून येणाऱ्यांची संख्या मोठी आहे आणि ते नाना कारणांनी येतात. जानेवारी २०१६ मध्ये ८९वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन पिंपरीत भरले आणि जानेवारी २०२४ मध्ये १००व्या नाट्य संमेलनासाठी राज्यभरातले रंगकर्मी पिंपरी-चिंचवडला आले. मोशीच्या प्रदर्शन केंद्रात किसान प्रदर्शनासाठी डिसेंबरमध्ये गावोगावचे शेतकरी येतात. चिंचवडच्या ऑटो क्लस्टरमध्ये उद्योगांच्या परिषदा भरतात, तर चाकणच्या कारखान्यांतल्या प्रशिक्षण सभागृहांत देशाबाहेरचे अभियंतेही येऊन बसतात. या सर्वांना आपण पत्ता देतो आणि वाट सांगितली असे समजतो. पण पत्ता फक्त जागा कुठे आहे ते सांगतो, तर वाट सांगायची म्हणजे प्रवासात कुठे कोणता निर्णय घ्यायचा ते सांगायचे. या पट्ट्याची घडणच अशी आहे की पहिल्या माहितीवरून दुसरी काढता येत नाही. म्हणून वाट लिहून देणे हे यजमानाचे काम आहे आणि ते नकाशाच्या ॲपवर ढकलून चालत नाही, असे या प्रकरणाचे म्हणणे आहे.

आधी इथले पत्ते असे का झाले ते पाहू. पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स १९५४ साली स्थापन झाली. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ, म्हणजे एमआयडीसी, अस्तित्वात आले आणि पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, भोसरी या गावांच्या जमिनीवर कारखाने उभे राहू लागले. १९७० मध्ये नगरपालिका, १९७२ मध्ये नवनगर विकास प्राधिकरण आणि १९८२ मध्ये महानगरपालिका झाली. पुढे औद्योगिक पट्टा इंद्रायणी ओलांडून चाकणकडे सरकला. यातल्या प्रत्येक संस्थेने जमीन आपापल्या पद्धतीने मोजली आणि नावे दिली. एमआयडीसीने ब्लॉक पाडले, त्यामुळे एच ब्लॉक, जे ब्लॉक, डी-२ ब्लॉक असे पत्ते आले. प्राधिकरणाने सेक्टर आखले. चाकणला फेज आल्या. या सर्वांच्या खाली गावांची जुनी नावे, वाड्या आणि वस्त्या तशाच राहिल्या. डाकखात्याचा पिनकोड १९७२ साली श्रीराम भिकाजी वेलणकरांच्या योजनेतून आला आणि चिंचवडला ४११०१९, तर चाकणला ४१०५०१ मिळाला. ही प्रत्येक मांडणी ज्या कामासाठी झाली त्या कामाला ती चोख आहे. भूखंडाचा क्रमांक जमीन वाटण्यासाठी असतो आणि पिनकोड टपाल वेगळे करण्यासाठी. स्टिअरिंगवर बसलेल्या अनोळखी माणसासाठी यातली एकही मांडणी केलेली नाही. ‘एच ब्लॉक, एमआयडीसी, चिंचवड’ हा पत्ता पूर्ण बरोबर असूनही डावीकडे वळायचे की सरळ जायचे, हे त्यावरून कळत नाही.

नावांच्या सारखेपणाने घोळ आणखी वाढतो. म्हाळुंगे हे गाव बालेवाडीच्या क्रीडासंकुलाशेजारी आहे आणि दुसरे म्हाळुंगे, म्हणजे म्हाळुंगे इंगळे, चाकणच्या औद्योगिक वसाहतीत आहे. दोन्ही पुणे परिसरातच, पण शहराच्या दोन वेगळ्या टोकांना. पिंपळे गुरव, पिंपळे निलख आणि पिंपळे सौदागर ही तीन वेगळी ठिकाणे आहेत, आणि पिंपरी पुन्हा निराळी. मेट्रो ६ मार्च २०२२ रोजी पिंपरी ते फुगेवाडी धावू लागली, तेव्हा नाशिक फाट्यावरच्या स्थानकाला भोसरी हे नाव होते. प्रत्यक्ष भोसरी तिथून पुढे, नाशिक रस्त्यावर आहे. ‘चाकण एमआयडीसी फेज २’ असा पत्ता वाचून पाहुणा चाकण गावात शिरतो, पण ही फेज भांबोली, वासुली, सावरदरी, खालुंब्रे या गावांच्या शिवारात पसरलेली आहे आणि मुंबईकडून येणाऱ्याला ती चाकणच्या आधीच लागते. तो गावापर्यंत गेला, तर चौकातल्या गर्दीतून त्याला उलटे यावे लागते. इथे पाहुण्याने निष्काळजीपणा केलेला नसतो. पत्त्यात जे छापले तेच त्याने पाळलेले असते.

स्थानिक माणूस या घोळात अडकत नाही, कारण तो पत्त्याने चालतच नाही. त्याच्या डोक्यात केएसबी चौक, थरमॅक्स चौक, टेल्को रोड, नाशिक फाटा, काळेवाडी फाटा, डांगे चौक अशी माळ असते. या नावांत एक शहाणपण आहे. त्यातली बहुतेक नावे इमारतींपेक्षा वळणांची आहेत, म्हणजे जिथे रस्ता फुटतो आणि निवड करावी लागते त्या जागांची. कारखान्यांची नावे चौकांना चिकटली, कारण पाळी बदलताना हजारो कामगार त्याच चौकांतून वाट बदलत. मात्र हीच नावे पाहुण्याला जशीच्या तशी दिली तर ती मुकी ठरू शकतात. टेल्कोचे नाव २००३ मध्ये टाटा मोटर्स झाले, तरी रस्ता बोलण्यात टेल्को रोडच राहिला. नाशिकला जाणारा महामार्ग पूर्वी ५० क्रमांकाचा होता, तो आता ६० झाला. मुंबईचा ४ होता, तो ४८ झाला. इथला माणूस यातला कोणताच क्रमांक उच्चारत नाही. म्हणजे फलकावर एक, तोंडी दुसरे आणि कागदावर तिसरे. वाट लिहिणाऱ्याचे पहिले काम या तिन्हींची सांगड घालण्याचे आहे. चौकाचे रूढ नाव द्यावे, कारण रस्त्यात विचारायची वेळ आली तर तेच उपयोगी पडते. त्याच्या जोडीला गाडीच्या काचेतून प्रत्यक्ष दिसेल अशी खूणही द्यावी, कारण रूढ नाव प्रत्येक चौकात लिहिलेले असतेच असे नाही.

रस्त्यांची रचना हा यापेक्षाही मोठा मुद्दा आहे. निगडी ते दापोडी हा जुना मुंबई-पुणे महामार्ग एकाच पदराचा नाही. मध्ये वेगवान मार्गिका, तिच्या कडेला बीआरटीची, म्हणजे जलद बससेवेची, मार्गिका आणि बाहेरच्या बाजूला सेवारस्ता आहे. ग्रेड सेपरेटर असलेल्या मोठ्या चौकांत मधल्या मार्गिका चौकाला न लागताच पुढे निघून जातात. ज्याला चौकात वळायचे आहे त्याने बऱ्याच आधी, मर्ज-आउट, म्हणजे मधल्या मार्गिकेतून बाहेर पडण्याची जागा, जिथे आहे तिथे, सेवारस्त्यावर उतरले पाहिजे. चौक नजरेस पडेपर्यंत वळण्याची संधी मागे राहिलेली असते. नाशिक फाट्यावर जेआरडी टाटांच्या नावाचा दुमजली उड्डाणपूल आहे, तिथे ‘नाशिक फाट्यावरून उजवीकडे’ एवढे सांगून काहीच सांगितल्यासारखे होत नाही, कारण पुलावर चढायचे की खालून जायचे हा निर्णय फाटा येण्याआधी घ्यायचा असतो. एम्पायर इस्टेटजवळचा संत मदर तेरेसा उड्डाणपूल काळेवाडीच्या बाजूने येऊन पवना नदी, लोहमार्ग आणि महामार्ग ओलांडतो आणि ऑटो क्लस्टरच्या बाजूला उतरतो. काळेवाडी फाट्याकडून येणाऱ्याला तो थेट नेतो. खालच्या महामार्गावरून येणाऱ्याला तोच पूल डोक्यावरून जाताना दिसतो. तेव्हा दोघांना एकच वाक्य देऊन भागत नाही. यातून एक नियम निघतो: खूण मुक्कामाची न देता निर्णयाची द्यावी, आणि निर्णय करावा लागतो त्याच्या आधी द्यावी.

हा नियम अभ्यासाच्या कसोटीवरही टिकतो. अमेरिकी नगररचनाकार केव्हिन लिंच यांनी बोस्टन, जर्सी सिटी आणि लॉस एंजेलिस या शहरांत लोकांच्या मनातले शहर कसे असते याचा शोध घेतला आणि १९६० मध्ये पुस्तकरूपाने मांडला. मार्ग, कडा, विभाग, नाके आणि ठळक खुणा या पाच घटकांनी माणूस शहर मनात बांधतो, असे त्यांनी दाखवले. घर क्रमांक आणि भूखंड क्रमांक या पाचांत नाहीत. फ्रेंच मानसशास्त्रज्ञ मिशेल दनी आणि त्यांच्या इटालियन सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये व्हेनिसवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. तिथल्या रहिवाशांनी सांगितलेल्या वाटा त्यांनी गोळा केल्या, त्यातला फापटपसारा काढला आणि निर्णयाच्या जागा व त्यांच्या खुणा एवढाच सांगाडा ठेवला. मग शहर न पाहिलेल्या लोकांना वेगवेगळ्या प्रकारची वर्णने देऊन चालवले. वाईट वर्णने घेऊन निघालेले अडखळले आणि चुकले, तर सांगाड्यावर चाललेले जवळजवळ उत्तम वर्णन मिळालेल्यांइतकेच नीट पोहोचले. व्हेनिसच्या गल्ल्या आणि भोसरीचे ब्लॉक दिसायला कितीही वेगळे असोत, अनोळखी माणसाच्या डोक्यावर पडणारे ओझे एकाच जातीचे असते. त्याला सगळा परिसर समजून घ्यायचा नसतो. पुढचे वळण ओळखू आले आणि ते चुकले नाही, याची खात्री पटली, की त्याचे काम होते.

आपल्याकडे याचा मोठा पुरावा याच पट्ट्याच्या दोन कडांवर आहे. देहू आणि आळंदी इथून आषाढी वारीच्या पालख्या निघतात आणि लाखो माणसे, ज्यांतल्या अनेकांनी हा भाग एरवी कधी पाहिलेला नसतो, पंढरपूरपर्यंत जातात. ही व्यवस्था अंतरांवर किंवा पत्त्यांवर उभी नाही. ती विसावे आणि मुक्काम यांच्या क्रमावर उभी आहे. तुकोबांची पालखी देहूहून निघून आकुर्डीला मुक्काम करते आणि मग पुण्याला जाते, हा क्रम वारकऱ्याला पाठ असतो. दिंड्यांना क्रमांक आहेत आणि प्रत्येक दिंडी रथाच्या पुढे की मागे हे ठरलेले आहे. गर्दीत मागे पडलेला माणूस पुढचा मुक्काम आणि आपल्या दिंडीचा क्रमांक, एवढ्या दोन गोष्टींवर आपल्या माणसांपर्यंत पोहोचतो. अनोळखी मुलखात माणसांना न्यायचे तर थोड्या पण पक्क्या खुणा आणि त्यांचा क्रम पुरतो, हे इथल्या लोकांना नव्याने शिकवावे लागणार नाही. ते फक्त परिषदेच्या निमंत्रणात आणावे लागेल.

यावर पहिला आक्षेप उघड आहे: हातातला फोन वळणावळणावर बोलतो, मग लिहून द्यायचे कशाला? हा आक्षेप हलका नाही. पुढे कोंडी आहे की नाही हे ॲपला दिसते, छापील कागदाला दिसत नाही. म्हणून ॲप बाजूला ठेवा असे इथे म्हणायचे नाही. पण ॲप त्याला दिलेल्या बिंदूपर्यंतच नेते, आणि चूक बहुधा बिंदूतच असते. मोठ्या आवाराचा बिंदू आवाराच्या मध्यावर ठेवलेला असला, तर गाडी कधी मागच्या भिंतीशी, तर कधी ट्रकसाठी राखलेल्या मालाच्या फाटकाशी जाऊन थांबते. पुलाच्या वर आणि खाली धावणाऱ्या दोन गाड्यांचे उपग्रहांच्या संकेतांवरून फोनने काढलेले स्थान जवळजवळ एकच येते, त्यामुळे दुमजली पुलापाशी यंत्रही गोंधळते. विशेष म्हणजे नकाशा बनवणाऱ्यांनाही भारतात खुणांकडे वळावे लागले. लोक इथे रस्त्यांच्या नावांपेक्षा खुणांनी वाट सांगतात हे ओळखून गुगलने २००९ मध्ये भारतातल्या नकाशांत खुणांवर आधारलेले मार्गदर्शन आणले. डाकखात्याने २०२५ मध्ये आणलेला डिजिपिन हे आणखी पुढचे पाऊल आहे. दहा अक्षर-अंकांत तो सुमारे चार मीटर बाय चार मीटरचा चौकोन नेमका दाखवतो. आयोजकाने सभागृहाऐवजी पाहुण्यांच्या फाटकाचा डिजिपिन दिला तर निम्मे काम होईल. उरलेले निम्मे, म्हणजे कोणत्या बाजूने यायचे, सेवारस्ता कुठे धरायचा आणि गाडी कुठे लावायची, हे कोणताही चौकोन सांगत नाही. ते त्या आवारात रोज येणाऱ्या माणसालाच ठाऊक असते.

दुसरा आक्षेप बदलाचा आहे. इथले रस्ते सतत बदलतात. मेट्रोचा मार्ग पिंपरीहून निगडीच्या भक्ती-शक्ती चौकापर्यंत वाढवण्याचे काम हाती घेतले गेले, तेव्हा महामार्गावर पत्र्यांचे अडथळे आले. पिंपरी-चिंचवडचे पोलीस आयुक्तालय १५ ऑगस्ट २०१८ पासून काम करते आहे आणि त्याची वाहतूक शाखा जड वाहनांच्या वेळा आणि वळणे गरजेप्रमाणे बदलत असते. मग लिहिलेली वाट शिळी होणार नाही का? होईल, जर ती एकदा लिहून दर वर्षी तशीच चिकटवली तर. पण या आक्षेपातून निघते ते इतकेच की वाट कार्यक्रमाच्या आठवड्यात एकदा गाडीने तपासून घ्यावी. वाट लिहूच नये असे त्यातून सिद्ध होत नाही. जिथे बदल जास्त, तिथे परक्या माणसाला जाणत्याच्या शब्दाची गरज उलट अधिक असते. शिवाय बदलते ते मार्गिकांचे आणि वळणांचे तपशील. नाशिक रस्त्यावर मोशी, इंद्रायणीवरचा पूल, चिंबळी फाटा आणि तळेगावच्या रस्त्यावर इंदोरी, खालुंब्रे यांचा क्रम बदलत नाही. लिहिताना हा स्थिर कणा आधी द्यावा आणि बदलणारा तपशील तारीख घालून वेगळा द्यावा.

तिसरा आक्षेप असा की एवढे सगळे वाचणार कोण? गाडी चालवताना लांबलचक मजकूर वाचणे धोक्याचे आहे, आणि पुष्कळदा पाहुणा मागे बसलेला असतो, गाडी दुसराच कोणी चालवतो. ही हरकत मान्य करूनच वाट लिहायला हवी. व्हेनिसच्या अभ्यासाचे सार हेच होते की सांगाडा पुरतो. एका दिशेसाठी पाच-सहा खुणा पुष्कळ झाल्या. आणि चालक वेगळा असेल तर वाट त्याला समजेल अशा भाषेत, म्हणजे मराठीत आणि हिंदीत, स्वतंत्र संदेश म्हणून पाठवावी, जेणेकरून पाहुण्याला ती फोनवरून पुढे सरकवता येईल. इंग्रजी माहितीपत्रकाच्या बाराव्या पानावरची वाट चालकापर्यंत कधीच पोहोचत नाही.

चाकण फेज २ मधल्या एखाद्या सभागृहासाठी असा मजकूर कसा होईल ते पाहू. मुंबईकडून: एक्स्प्रेसवेच्या शेवटापर्यंत, म्हणजे किवळ्यापर्यंत जाऊ नका; उर्से टोलनाक्यापाशी तळेगावसाठी बाहेर पडा; तळेगाव स्टेशनवरून चाकणचा रस्ता धरा; आधी इंदोरी, मग खालुंब्रे लागेल; आमचे वळण त्यानंतर, चाकण गावाच्या आधी आहे; चाकणचा तळेगाव चौक दिसला तर तुम्ही पुढे आलात, परत फिरा. पुण्याकडून: नाशिक फाट्याला भोसरीच्या दिशेची मार्गिका आधीच धरा, भोसरी, मोशी, इंद्रायणीचा पूल, चिंबळी फाटा, मग चाकण, तिथून तळेगावच्या रस्त्याला लागा. विमानतळावरून: विश्रांतवाडी, दिघी, भोसरी आणि पुढे वरीलप्रमाणे. नाशिककडून: राजगुरुनगरनंतर चाकण. प्रत्येक दिशेच्या शेवटी पाहुण्यांच्या फाटकाचे नाव, फाटकाबाहेर काय दिसते, गाडी कुठे लावायची आणि फोन उचलणाऱ्या माणसाचा क्रमांक. या मजकुरात भूखंड क्रमांक एकदाही आलेला नाही, तरी त्यावर माणूस पोहोचेल. ‘पुढे आलात’ ही खूण यात फार मोलाची आहे. बहुतेक वाटा बरोबर चाललेल्या माणसासाठीच लिहिलेल्या असतात, पण मदत लागते ती चुकलेल्याला. आपण चुकलो हे पहिल्या किलोमीटरमध्ये कळले तर पाच मिनिटे जातात, आणि चाकणच्या गर्दीत शिरल्यावर कळले तर उद्घाटनच हुकते.

असा मजकूर तयार झाला की तो ज्याने लिहिला त्याने तपासू नये, कारण त्याला वाट आधीच ठाऊक असते आणि गाळलेली पायरी त्याच्या नजरेत भरत नाही. या भागात कधी न आलेल्या चालकाला तो द्यावा, ॲप बंद ठेवायला सांगावे आणि तो जिथे अडखळेल तिथे एक खूण वाढवावी. याचा खर्च एका फेरीच्या इंधनाइतका आहे आणि फायदा फक्त परिषदेपुरता नाही. कारखान्याच्या आवारात अपघात झाला, आग लागली, तर येणारी रुग्णवाहिका आणि अग्निशमन दलाची गाडी हीदेखील त्या फाटकासाठी अनोळखीच असते. सभागृहाच्या पाहुण्यासाठी लिहिलेल्या आणि तपासलेल्या त्याच सहा ओळी त्या वेळी फोनवर वाचून दाखवता येतात. म्हणून प्रत्येक कारखान्याने, सभागृहाने आणि प्रदर्शन केंद्राने आपली वाट चारही दिशांनी लिहून, तपासून सुरक्षारक्षकाच्या टेबलावर ठेवावी. वाट लिहिणे ही पाहुण्याची सोय तर आहेच, पण आपल्या आवारात रोज काम करणाऱ्या माणसांच्या जिवाची काळजीही आहे.